साचे ऑर्विलला, एका अटीवर

शिसे अजून पुरते वितळलेले नाही. पातेल्याच्या कडेने चकाकी धरली आहे, मधला गठ्ठा तसाच आहे. तो खाली बसेपर्यंत जेवढे लिहून होईल तेवढे लिहिते.

मी थेल्मा ओस्टबी, अविवाहित, राहणार कॉटर क्रीक, मॉन्टाना. हे मी माझ्या शेडमध्ये, खिडकी उघडी ठेवून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे आणि ते मी मान्य केले आहे. मला कोणी गळ घातलेली नाही. गळ घालू शकेल असा एकच माणूस अंगणापलीकडच्या घरात राहतो, आणि तो माझा भाऊ असल्यामुळे काही मागत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे चर्चला दिले होते. बंदुकीच्या गोळ्यांच्या साच्यांचे काय करायचे हे चर्चला कळले नसते.

घर डार्लाला. डार्ला माझ्या भावाची, ऑर्विलची नात. वर डोंगरात वाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीचे सामान ती खेचरांवरून नेते. घर दिले तरी उन्हाळ्यात ती तंबूतच झोपेल हे मला माहीत आहे. पण हिवाळ्यात खेचरालाही छप्पर लागते. पश्चिमेचा वारा सुटला की स्वयंपाकघरातली शेगडी धूर करते. तेव्हा मागचे दार बोटभर उघडायचे, शेगडीला शिव्या द्यायच्या नाहीत. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते तिचे.

कुंपणालगतचा, आंबट देठांच्या र्‍हुबार्बचा वाफा कोणी खणू नये. गावात एवढे जाड देठ दुसऱ्या कोणाकडे येत नाहीत, आणि त्याचे कारण लोक विचारतात. कारण असे. आमच्या घरात बंदुकीच्या दारूच्या ज्या डब्यावर नाव उरलेले नाही, तो डबा ओळखण्याचा प्रयत्न करायचा नसतो. रंगावरून नाही, दाण्यावरून नाही, वासावरून नाही. जो माणूस ‘बहुतेक तीच असेल’ म्हणतो त्याला टेबलावरून उठवायचे आणि डब्यातली दारू वाफ्यावर पसरून वर पाणी मारायचे. रोपांना ती खत म्हणून चालते. आईच्या वेळेपासून असे आहे. डार्लाने पुढे चालू ठेवावे.

वेर्ना स्काल्स्टाड, जी पोस्ट ऑफिस चालवते, ती म्हणते की तिची ॲपल पाय भाजायची काचेची ताटली माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे नाही. माझी तिच्याकडे आहे. ती तिने ठेवावी, पण म्हणणे थांबवावे.

(इथे थांबले. गठ्ठा बसला होता. मेणाचा तुकडा टाकला, ढवळले, मळी पळीने काढली. पहिल्या गोळ्या नेहमीप्रमाणे सुरकुतलेल्या आल्या, कारण साचा थंड होता. त्या परत पातेल्यात टाकल्या. नंतरच्या चांगल्या आल्या. साचा निवायला ठेवून पुन्हा बसले आहे.)

आता रिव्हॉल्व्हर. ते माझे नाही, म्हणून ते देता येत नाही.

बाबा गेले त्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना पलंगाजवळ बोलावले. म्हणाले, “थेल्माचा नेम चांगला, पण रिव्हॉल्व्हर मुलाकडे जातं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू साचे घे.” साचा, पळी, पातेले, शेगडी. त्यांना ते सगळे स्वयंपाकघरातले वाटले असावे. मी रडले नाही. साचे घेतले. त्या दिवसापासून त्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली प्रत्येक गोळी मी ओतलेली आहे. माझ्या साच्यांवाचून ते अक्रोड फोडायच्या कामाचे आहे. ऑर्विलला हे ठाऊक आहे आणि तो हे कधीही बोललेला नाही. मीही बोलले नव्हते. इथे लिहून ठेवते.

गोळ्या मी ओतते, काडतुसे ऑर्विल भरतो. दारू कोणती, यावर आमचे आयुष्य गेले.

ऑर्विल घाईची, म्हणजे झटकन जळणारी दारू भरतो. बाबा भरत म्हणून. ती थोडी पुरते. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी मोठी आणि तिच्या तळाशी ही चिमूटभर दारू, म्हणजे बादलीत चहाचा घोट. एकदा घातली तरी पुंगळी रिकामी दिसते, चुकून दोनदा घातली तरी रिकामीच दिसते. आणि माझी गोळी जड आहे. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. घाईची दारू तेवढा वेळ थांबत नाही. दुप्पट असली तर तिला बाहेर पडायला जी वाट सापडते ती नळीची नसते.

भरलेले काडतूस तोलून पाहावे, असे तरुण लोक सांगतात. ओतीव गोळी आणि गोळीत, पुंगळी आणि पुंगळीत मुळातच फरक असतो. त्या फरकात तेवढी दारू लपून जाते. गोळी बसवण्याआधी आत बघणे एवढाच इलाज आहे.

दुसऱ्या टोकाला सावकाश जळणारी दारू आहे. जड गोळीला खरी मानवते ती हीच. पाठीवर हात ठेवून ढकलावे तशी ती ढकलते. पुंगळी भरून लागते, त्यामुळे दुप्पट घालताच येत नाही. पण ती पूर्ण जोरानेच भरावी लागते. कमी घातली तर नीट पेटत नाही. आणि बाबांच्या रिव्हॉल्व्हरचे पोलाद जुने, भिंती पातळ. तेवढा जोर त्याला सोसणार नाही. ज्यांची रिव्हॉल्व्हरे नवी आणि दणकट आहेत त्यांनी ती खुशाल वापरावी.

उरते मधली, फुगीर दाण्याची. जोर बेताचा, पण जागा खाते. बरोबर माप घातले की अर्ध्या पुंगळीच्या वर येते. दुसरे माप घातले तर टेबलावर सांडते. आंधळ्या माणसाच्याही हाताला ती लागेल. मी ती त्यासाठीच निवडली आहे.

ऑर्विलला आता दिसत नाही.

त्याने हे कोणाला सांगितलेले नाही. तो ट्रक हळू चालवतो आणि म्हणतो, रस्ता खराब आहे. चर्चमध्ये भजनाचे पुस्तक उघडतो आणि पाठ असलेलीच भजने म्हणतो. शनिवारी काडतुसे भरतो. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो, दारू घालतो आणि मग कॉफी ठेवतो. त्या वेळी मी साखर मागायला जाते. तो लाकडे आणायला बाहेर गेला की बाहीतला टॉर्च काढून एकेका पुंगळीत बघते. मागच्या हिवाळ्यात एका पुंगळीत दुप्पट होती. मी ती रिकामी केली, पुन्हा एक माप घातले आणि साखर घेऊन घरी आले.

ती काडतुसे डार्लाच्या कमरेला असतात. ती जिथे झोपते तिथे अस्वले फिरतात, म्हणून आजोबांचे रिव्हॉल्व्हर उन्हाळाभर तिच्याकडे असते. दुसऱ्या कोणाची काडतुसे ती घालत नाही. मी गेल्यावर त्या पुंगळ्यांत कोण बघणार आहे?

म्हणून: माझे सगळे साचे ऑर्विलला, या अटीवर की त्यांतल्या गोळीमागे तो घाईची दारू कधीही भरणार नाही, मधलीच भरेल. मधल्या दारूचे डबे माझ्या कपाटात आहेत, तेही त्याला. चोकचेरीच्या फांदीची मी तासलेली काडीही त्याला. तिच्यावर एक खाच आहे. काडी पुंगळीत उभी सोडायची. खाच काठाशी आली तर माप बरोबर. हे अंगठ्याला कळते, डोळे लागत नाहीत. अट मोडली तर घोड्यांना नाल मारणारा हॉवर्ड टीटर, ज्याला मी हे मृत्युपत्र अमलात आणायला नेमत आहे, त्याने साचे ऐरणीवर ठेवून फोडावेत. ऑर्विल ओस्टबी हा डार्लाच्या सगळ्या खेचरांहून हट्टी आहे, त्याला दिसत नाही आणि ते कबूल करण्यापेक्षा तो नातीचा हात गमावेल, म्हणून हे असे लिहावे लागत आहे.

एवढे लिहिले आणि ऑर्विल आला. त्याला शिशाचा वास अंगणापलीकडून येतो.

“आज ओततेयस? आज तर मंगळवार.”

“मृत्युपत्र लिहितेय.”

“मग ओत आधी. ते काय पळून चाललंय?”

त्याने कागद उचलला. खिडकीपाशी गेला, हात लांब करून धरला. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभा राहिला, पानही उलटले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. शेवटची चार वाक्ये खरेच वाचली असती तर ऑर्विलने शेगडी लाथेने उलथली असती.

“बरं लिहिलंयस,” तो म्हणाला. “जरा कोरडं आहे. पण बरं आहे.”

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचला. काही गाळले नाही. बाबांच्या पलंगापाशी आल्यावर तो बाकावर बसला. हट्टी म्हटले तिथे त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मला दिसत नाही असं लिहिलंस.”

“लिहिलं.”

“साक्षीदार कोण?”

“हॉवर्ड. आणि वेर्ना.”

“वेर्ना! मग पेपरात छापून टाक की. स्वस्त पडेल.”

“विषय बदलू नकोस.”

“बाबांनी जन्मभर हीच दारू भरली, थेल. दहाच्या दहा बोटं घेऊन गेले.”

“डोळेही घेऊन गेले.”

पातेल्यावर साय धरली होती. मी शेगडी बारीक केली.

“तू कॉफीत साखर घालत नाहीस,” तो म्हणाला. “लहानपणापासून घालत नाहीस.”

“मग?”

“मग दर शनिवारी साखर कशाला लागते तुला? एव्हाना पोतं झालं असेल तुझ्याकडे. आणि मला दिसत नाही, ऐकू येतं. टॉर्चचं बटण खट् करून वाजतं.”

मी पळी पातेल्याच्या काठावर ठेवली.

“लाकडं घरात असायची, तरी मी बाहेर जायचो. थंडीत उभा राहायचो. तू येऊन गेल्याशिवाय एक गोळी बसवली नाही मी.”

“आणि मी गेल्यावर कोणासाठी बाहेर उभा राहशील?”

त्याने टोपी घातली. दारापाशी चौकट चाचपली, मी बघत असताना, न लपवता. आणि गेला.

अट मी बदललेली नाही. ‘नातीचा हात गमावेल’ हे वाक्य खोडावे की नाही याचा विचार केला. खोडले नाही. फक्त हे जोडते की तो थंडीत उभा राहत होता.

माझे शरीर जाळावे. अंत्यविधीनंतरची कॉफी हॉवर्डच्या बायकोने करावी, वेर्नाने नाही. चर्चच्या तळघरात लोक बसतील तेव्हा कोणी रिव्हॉल्व्हरच्या गोष्टी सांगू लागले तर सांगू द्यावे, आणि ऑर्विलला खिडकीकडे तोंड करून बसवावे. त्याला उजेड अजून कळतो.

सही: थेल्मा ओस्टबी

आमच्या डोळ्यांदेखत थेल्माने वरील सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर केली. ती शुद्धीत आहे. आमच्याशी दोनदा भांडली.

हॉवर्ड टीटर

वेर्ना स्काल्स्टाड (ताटली माझीच आहे)

कॉटर क्रीक, मॉन्टाना
मंगळवार, ११ ऑक्टोबर २०११

बुधवार सकाळ. रात्री दहिवर पडले होते. र्‍हुबार्बच्या वाफ्यावर करडे दाणे पसरलेले दिसले, एका जागी ढीग, एका जागी काहीच नाही. पाणी मारलेले होते. ऑर्विलचा घाईच्या दारूचा डबा कुंपणाच्या खांबावर पालथा होता. मी कॉफी ठेवली तेव्हा तो आला आणि साखर आहे का म्हणून विचारले. आहे म्हटले. काडी आणि मधल्या दारूचा एक डबा घेऊन तो गेला.

थे. ओ.