नातीच्या रिंगणातून आज्यास बाहेर काढल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
अहमदनगर.

अर्जदार : पुंजाराम कानिफनाथ दहातोंडे, वय ६८, धंदा वरातीची घोडी, रा. घोडेगाव, ता. नेवासा.

विषय : बालअश्वारोहण मंडळ, घोडेगाव यांनी पालकांसाठी केलेला नियम क्र. ४ रद्द करणेबाबत.
संदर्भ : मंडळाची सूचना, दि. ३० जानेवारी १९९६.

महोदय,

वरील विषयी अर्जदार सविनय कळवितो की,

१. सदर मंडळात गावची चौदा मुले घोडेस्वारी शिकतात. शिकवणारे निवृत्त दफेदार आसाराम गाडे. अर्जदाराची नात धनश्री, वय अकरा, ही त्यांपैकी एक. तिचे आईवडील ऊसतोडीस गेलेले असल्याने फॉर्मवर पालक म्हणून सही अर्जदाराची आहे. तिच्या खालची घोडी पाखरी हीही अर्जदाराचीच. पाखरीच्या आईने मुळेचा उजवा कालवा नवरदेवासकट एका उडीत ओलांडला होता, फेटा तेवढा अलीकडच्या काठावर राहिला. साक्षीदार वऱ्हाडी आता हयात नाहीत. फेटा घरी आहे, केव्हाही पाहावा.

२. पालकांनी पन्नास पावलांवर बसावे, घोड्यास काही चारू नये, मूल पडल्यास दफेदारांच्या आधी धावू नये, हे पहिले तीन नियम अर्जदारास मान्य आहेत. किंबहुना ते आधीच व्हायला हवे होते. झुंबरबाई भर सरावात घोडा अडवून नातवाच्या तोंडात गूळपोळी कोंबतात. बजरंग मास्तर कुंपणावर चढून "टाच हाण, टाच हाण" असे ओरडतात, आणि स्वतः उभ्या जन्मात गाढवावरही बसलेले नाहीत. परंतु नियम क्र. ४ असा : "पुंजाराम दहातोंडे यांनी मैदानात येऊ नये." एका माणसापुरता नियम अर्जदाराने तरी ऐकलेला नाही.

३. यास कारण प्रजासत्ताक दिनाची स्पर्धा. पाच आडवे बांबू ओलांडायचे होते. धनश्रीने तीन बिनचूक ओलांडले. चौथ्यापाशी पाखरी कचरली, म्हणून नातीस हुरूप यावा या शुद्ध हेतूने अर्जदाराने राकेलचा रिकामा डबा वाजवला. पाखरी बारा वर्षे वरातीत नाचलेली. डबा ऐकताच ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि बांबूपुढे नाचू लागली. लोकांनी टाळ्या दिल्या, त्यामुळे ती थांबेना. एका सद्गृहस्थाने तिच्यावरून नोट ओवाळली. धनश्री मान कवटाळून बसली होती. त्या नाचाला पहिला नंबर द्यायला हरकत नव्हती. आला शेवटचा.

४. चार दिवसांनी दफेदारांनी सूचना लावली आणि एक चिठ्ठी अर्जदाराच्या हाती ठेवली. बजरंग मास्तरांची चुगली असेल असे वाटले. उघडली तर वहीचे पान, आणि अक्षर घरचे : "आज्याला मैदानात घेऊ नका. तो आला की पाखरी माझं ऐकत न्हाई. त्याचंच ऐकती. धनश्री." दफेदार म्हणाले, "पुंजाबाबा, पोरगी खरं बोलती. घोड्याला दोन धनी चालत न्हाईत."

जिला पाय फुटण्याआधी अर्जदाराने खोगिरावर बसवले, आईबापाच्या माघारी जिला दोन वेळा भाकरी थापून घातली, तिने हे केले. संध्याकाळी ताटावर विचारले, "तूच लिवलं व्हय?" ती म्हणाली, "व्हय. आमटीत मीठ न्हाई, आज्या." एवढे बोलून पोटभर जेवली. महोदय, वैरीसुद्धा आपल्या घरी जेवून दावा लावत नाही.

५. घोडीही फितूर झाली, याचा पुरावा कालचा. अर्जदार मैदानाबाहेरच्या लिंबावर चढून बसला होता. (झाड हद्दीबाहेर आहे, फांदी आत येते, त्यास अर्जदार जबाबदार नाही.) धनश्री दुसऱ्या बांबूला पडली. बजरंग मास्तरसुद्धा जागचे हलले नाहीत. अर्जदाराने दोन्ही हातांनी फांदी धरून ठेवली. पोरीने धूळ झटकली, पाखरीच्या कानाशी काही बोलली, पुन्हा वर बसली आणि पाचही बांबू साफ ओलांडले. शेवटी अर्जदाराने न राहवून जिभेने चुचकारले. बारा वर्षे त्या आवाजावर पाखरी भरल्या मांडवातून निघून येत असे. काल तिने कान वळवला. पाय वळवला नाही.

६. सबब, नियम क्र. ४ रद्द करण्याची वर केलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. नियम राहू द्यावा. त्यात एवढीच भर घालण्याचा मंडळास हुकूम व्हावा की, सदर इसमास पन्नास नव्हे, शंभर पावलांवर, मैदानाकडे पाठ करून उभे राहता येईल. हात रिकामे राहतील, तोंड बंद राहील. उडी साधली की हुकली, हे अर्जदारास टापांवरून कळते. आणि पोरगी पडली, तर तिला उठायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ अर्जदार वळून पाहणार नाही.

हुकमाच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र,
(सही) पुं. का. दहातोंडे

घोडेगाव
दि. १९ फेब्रुवारी १९९६

सोबत :
१. मंडळाच्या सूचनेची नक्कल.
२. धनश्रीच्या चिठ्ठीची नक्कल. मूळ चिठ्ठी मागू नये. ती अर्जदाराने ठेवून घेतली आहे.