रंगाखालचे डोळे

खोटं तुम्ही बोललात आणि कान माझा पिळला गेला. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागनं. पासष्ट वर्षं ही गोष्ट माझ्या घशात अडकून होती आणि गेल्या बुधवारी देवळाच्या मागच्या खोलीत एका परक्या पोरीनं कापसाच्या बोळ्यानं ती दोन मिनिटांत बाहेर काढली. तुमच्या येशूचे डोळे उघडेच होते, आप्पा. तुमच्याच हातानं उघडे रंगवलेले होते. आणि मला सांगितलंत, पहिल्यापासनं मिटलेले हायेत म्हणून.

आता नमस्कार घ्या. खुशाली विचारत नाही, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तिथं काय बिघडणार आहे तुमचं. मी चौथी शिकलेली बाई, शाईचं पेन हातात धरून युगं झाली, म्हणून अक्षराला नावं ठेवू नका. तुमचंही काही मोत्याचं नव्हतं.

तुम्ही घडवलेला क्रूसावरचा येशू अजून आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या खांद्याला वाळवी लागली, हात लोंबायला लागला, तेव्हा खाली उतरवला. कमिटीतल्या एकाचं म्हणणं पडलं, आता फायबरचे लई चांगले मिळतात, वजनाला हलके, गोरेपान, डोळेसुद्धा कसे निळेनिळे. मी म्हणाले, "निळे डोळे पाहिजेत तर मांजर पाळ की." आत्ताचे फादर तरुण आहेत, आपल्याच भागातले, त्यांनी हसू दाबलं आणि पुण्याहून जुन्या मूर्ती दुरुस्त करणारी एक पोरगी बोलावली. तिशीची असेल. तिनं त्याला वेदीच्या चादरी इस्त्री करायच्या टेबलावर आडवा निजवला. कधी आडवा बघितला नव्हता मी त्याला. गिरणीतली पाळी संपवून येऊन पडलेल्या माणसासारखा दिसत होता. ज्यानं केला त्याची लेक अजून जिवंत आहे म्हणून मला बोलावणं आलं, मी रिक्षा करून गेले.

ती पोरगी भिंगातनं बघत होती. म्हणाली, "आजी, हे हात कुणाचे बघून केले हो? किती खरे आलेत. थकलेत अगदी."

मला सगळं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात, कमरेला नुसता पंचा, दोन्ही हात पसरलेले. गिरणीच्या सुतारखान्यात मागाचे मोडके भाग दुरुस्त करणारा माणूस, माप घेतल्याशिवाय लाकडाला हात कसा लावणार? आई चुलीतला कोळसा घेऊन तुमच्या बोटांच्या टोकाशी, खांद्याशी, काखेशी भिंतीवर खुणा करते आहे. तव्यावर भाकरी. आई म्हणते, "अवो, हात खाली यायलेत, सरळ धरा की." तुम्ही म्हणता, "तू धर बघू इतका येळ." आई म्हणते, "मी धरीन, भाकरी तुमी थापा." तेवढ्यात शेजारची बाई विस्तव मागायला दारात आली, तुम्हाला तसं उभं बघितलं, आणि पळी तिथंच टाकून पळाली. आई हसून हसून खाली बसली. भाकरी करपली. तुमचे हात खाली आले ते आलेच, आणि तसेच त्याला लागले. त्या वेळच्या परदेशी फादरनं नमुना म्हणून दिलेल्या चित्रात हात ताठ होते. तुमच्या येशूचे हात मात्र दिवसभर ओझं वाहिल्यासारखे.

ते चित्रही आठवतं. तळहाताएवढं, कडेला सोनेरी, त्यातला येशू दुधासारखा. तुम्ही त्याला तपकिरी केलात. दाराला लावायच्या रंगात गेरू मिसळून. फादरनं विचारलं असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत ठाऊक नाही, घरी आईला म्हणाला होता, "उन्हातानात पायी हिंडणारा माणूस असा पांढरा कसा ऱ्हाईल? एक उन्हाळा सोलापुरात काढाय लावा त्याला." आपल्या घरात मात्र कॅलेंडरवरचा गोराच टांगलेला होता, छातीबाहेर काळीज काढलेला. मला लई दिवस वाटायचं की हे दोघं भाऊ आहेत. गोरा घरात बसून राहतो आणि काळा कामावर जातो. आईला तसं म्हणाले तर तिनं पाठीत धपाटा घातला, पण दोघांत फरक काय ते काही सांगितलं नाही. अजूनही मला कुणी नीट सांगितलेलं नाही. नातीनं मोबाईलवर देशोदेशीचे दाखवले. एक कोळशासारखा काळा, एक बारीक डोळ्यांचा, एकाच्या डोक्यावर काट्यांच्या जागी राजाचा मुकुट. जो तो आपल्या घरचा माणूस टांगतो आणि म्हणतो, हाच. मग खरा कसा होता? फादरना विचारलं. म्हणाले, "आजी, तो कसा दिसायचा हे बायबलात कुठंच लिहिलेलं नाही." इतकं मोठं पुस्तक आणि एवढं लिहायला कुणाला जागा मिळाली नाही.

तर ती पोरगी बोळा फिरवता फिरवता थांबली. "आजी, इकडं या. ह्या पापण्या नंतर रंगवल्यात. खाली डोळे आहेत. उघडे."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुला भास हुतोय." तुमच्यासारखंच, माझ्याच तोंडातनं.

मग तिनं भिंग माझ्या हातात दिलं. तपकिरी पापणीला भेग गेली होती आणि भेगेतनं काळं बुबुळ बघत होतं. सरळ माझ्याकडं. आप्पा, मी नऊ वर्षांची झाले तिथल्या तिथं. रविवारच्या मिस्सेची प्रार्थना चाललेली, मी आईच्या पदराशी, तुम्ही पुरुषांच्या बाजूला. मी वर बघते आणि मोठ्यांदा ओरडते, "आप्पा, यानं डोळे मिटले!" सगळं देऊळ हसलं. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. घरी येईपर्यंत तुम्ही चार पावलं पुढंच चालत होतात. दार लावलंत आणि माझा कान धरलात. "पहिल्यापासनं मिटलेलेच हायेत. पुन्यांदा खोटं बोललीस तर जीभ छाटीन." मी आईकडं बघितलं. आई पीठ मळत होती. ती मळतच राहिली. आदल्या दिवशी तुमच्या अंगाला टर्पेंटाईनचा वास येत होता हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण तुमचा आवाज इतका पक्का होता की मी वासालाच खोटं ठरवलं.

एका कानपिळीचं इतकं काय, असं म्हणाल. सांगते काय ते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी तेवीस वर्षं टॉवेल तपासले. सुटलेला धागा मला सगळ्यात आधी दिसायचा, आणि तरी मी शेजारच्या बाईला विचारायचे, "सुटलाय का गं हितं? का मलाच दिसतंय?" तिनं व्हय म्हटलं की मगच टॉवेल बाजूला टाकायचे. बाया मला हसायच्या. लग्नानंतर नवऱ्याचं बाहेर काय चाललंय ते सगळ्या गल्लीच्या आधी मला दिसलं होतं, आणि सगळ्या गल्लीच्या नंतर मी ते खरं मानलं. जीभ माझी तिखट आहे असं लोक म्हणतात. असणारच. डोळ्यांवर भरवसा नव्हता, मग जिभेवर काम भागवलं.

आता का मिटले, ते मला कळत नाही. बुधवारपासनं तेच डोक्यात फिरतंय. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या हे मला आठवतं, पण आधी कुठली आणि मग कुठली ते जुळत नाही. एक म्हणजे फादर बदलले. नवे आले ते कडक होते, त्यांना सगळं चित्रातल्यासारखं लागायचं. त्यांनीच सांगितलं असेल, मेलेला आहे तर डोळे उघडे कसे, मीट. आणि तुम्ही गिरणीतले माणूस, साहेबानं सांगितलं की करायचं. मग लेकीसमोर हे कबूल करायची लाज वाटली असेल. असं असेल तर मी सोडून देईन. हे लहान आहे.

दुसरी गोष्ट संपाची. सगळी गिरणी बंद होती आणि तुम्ही तीन दिवस सुतारखान्याच्या मागच्या दारानं कामावर गेलात. आम्ही लहान होतो, तुम्ही आमच्यासाठी गेलात, हे मी कधी नाकारलं नाही. पण नळावर आईची घागर रांगेतनं उचलून बाजूला ठेवायच्या बाया, आणि आई परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. त्याच्यानंतर तुम्ही देवळात खाली मान घालून बसायला लागलात, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे आठवतं असं वाटतं. तुम्ही स्वतःच्या अंगावरनं माप घेऊन ज्याला घडवलात, त्याची नजर तुम्हाला सोसेना म्हणून ब्रश घेऊन चढलात का शिडीवर? का संप पुढच्या वर्षीचा आणि मी उगाच दोन्हीची गाठ मारते आहे? ज्यांना विचारावं ती सगळी माणसं स्मशानात जाऊन बसली आहेत.

पोरीला विचारलं, तुम्हा शिकलेल्या लोकांत काय बरोबर समजतात, उघडे का मिटलेले. ती म्हणाली, लई जुन्या काळी उघडेच करायचे, क्रूसावर ताठ उभा, जिंकल्यासारखा. मग पुढं पुढं लोकांना दुखणारा हवासा वाटायला लागला, मान पडली, डोळे मिटले. म्हणजे सगळ्या जगानं आधी उघडे केले आणि मग मिटले. तुमचं एकट्याचं नाही. पण सगळ्या जगानं माझा कान पिळला नव्हता.

मग तिनं खरी अडचण सांगितली. "आजी, वरचा रंग सुटत चाललाय. एक तर तो चिकटवून पक्का करायचा, नाहीतर काढायचा. दोन्ही राखता येत नाहीत. काढला की गेला."

मी म्हणाले, "एक उघडा ठेव, एक मीट. डोळा मारल्यागत दिसंल." ती हसली, पण भिंग खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

आज रविवारच्या मिस्सेनंतर सभा झाली. एक निवृत्त मास्तर आहेत, ते उठले. "आमच्या तीन पिढ्यांनी मिटलेल्या डोळ्यांपुढं प्रार्थना केली. मेल्या माणसाचे डोळे आपण हातानं मिटवतो, उघडत न्हाय." खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत होतं. मी स्वतः सगळं आयुष्य त्या मिटलेल्या डोळ्यांखाली उभी राहून बोलले आहे. नवऱ्याला शिव्या तिथंच दिल्या, सुनेचं गाऱ्हाणं तिथंच केलं, एकदा तर त्यालाही दोन शब्द सुनावले. तो बघत नाही म्हणून जमलं. बघत असता तर माझ्यानं इतकं बोलवलं असतं का, ठाऊक नाही. उत्तम शुक्रवारी, तो क्रूसावर मेला त्या दिवशी, त्याच्या पायांचं चुंबन घेताना मी वर बघतच नसे, आता तर बघवणारच नाही.

फादर म्हणाले, "आजी, ज्यांनी घडवला त्यांच्या तुम्ही कन्या. तुम्ही सांगाल ते." शंभर माणसं माझ्याकडं वळली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "जे खरं हाय ते दिसू दे. वरचा रंग काढा." मास्तर खाली बसले. फादर म्हणाले, "आजी, काय बोललात!" एका बाईनं डोळे पुसले.

आता तुम्हाला तेवढं सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. खऱ्याखोट्यासाठी नाही म्हणाले मी ते. चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं होतं, जसं तुम्ही मला पाडलंत. घरी येऊन ताट वाढून घेतलं, ते तसंच झाकून ठेवलं आणि हे लिहायला बसले. तुमच्या हातचं होतं ते वरचं पण. पापणीवरचा एक एक फराटा तुमचाच. ज्या दिवशी तुम्ही ते रंगवलं त्या दिवशी तुमचं काय झालं असेल, ते मी विचारलं नाही आणि पुसायला सांगून मोकळी झाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. नातीला दाखवलं तर फोटो काढून चार ठिकाणी पाठवेल, तिलाही दाखवणार नाही. उद्या सकाळी दहाला ती पोरगी कामाला बसणार. तोवर तुमच्याकडं सांगण्यासारखं काही असेल तर सांगा, मी जाऊन तिचा हात धरीन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण तुम्ही सांगा. काही अवघड विचारलं की तुम्ही पायात चपला घालून बाहेर पडायचात आणि उत्तराला आईला पुढं करायचात. ह्या वेळी तिला पाठवायचं नाही. विचारलंय तुम्हाला. उत्तर तुम्हीच द्यायचं.