एकचं दान

४ मार्च, मंगळवार

मासिकाच्या कचेरीतून पार्सल आलं. उघडलं आणि घाईघाईनं पुन्हा बांधलं. 'परतीचं इंधन' — अवकाशातला भूमिकांचा खेळ. एक मूळ पुस्तक, तीन पुरवण्या. लेखिका — ताई. माझी सख्खी ताई!

शाळेची नोकरी सोडून दोन वर्षं ती हेच लिहीत होती, ते मला माहीत. पण मासिकात 'भिंग' या नावानं खेळांची सालटी काढणारा माणूस मीच, हे तिला माहीत नाही. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन लोकांच्या चुका शोधायच्या, असा माझा धंदा. बायको म्हणते, "चूक सापडली की तुला दोन घास जास्त जातात."

संपादकांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या तावडीत ती सापडायला नको.

६ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. "मुख्याध्यापिका वीस तारखेपर्यंत माझी जागा धरून ठेवतायत. परीक्षण काय येतं ते बघते. त्या खडूस भिंगानं नाक मुरडलं तर गुपचूप शाळेत परत. खेळबिळ बंद."

मी फोन ठेवला. खडूस!

९ मार्च, रविवार

खेळल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम. मी सूत्रधार — म्हणजे गोष्ट मी सांगायची, आपल्या पात्रानं काय करायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर. बायको यानाची कप्तान. शेजारचा वायरमन यंत्रज्ञ. सासूबाई डॉक्टर — गुडघ्यांमुळे सगळे उपचार बसल्या जागेवरून!

हुश्श! पुस्तक चांगलं आहे. चांगलं कसलं, झकास आहे! यान घरापासून लांब, इंधन कमी, आणि प्रत्येक दुरुस्ती परतीच्या इंधनातून कापली जाते. वायरमन एका फ्यूजवरून बायकोशी वीस मिनिटं भांडला. "वहिनी, हे असं जोडलं तर आपण सगळे जळू!" — खरोखरचं भांडण. सासूबाईंनी दोघांना बेशुद्ध करायची धमकी दिली.

इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

१० मार्च, सोमवार

हसू जिरलं. पुरवण्या वाचल्या.

दुसरी बरी आहे, नुसते ग्रहांचे नकाशे. पहिलीत एक नियम — कप्तान किंवा यंत्रज्ञ आपला फासा कायमचा सोडून देऊ शकतो. का? कोण शहाणा हातातला फासा सोडेल? आणि तिसरीत शेवटचा तक्ता. त्या दोघांचे दोन फासे टाकायचे, बेरीज येईल ती ओळ वाचायची. दोनपासून बारापर्यंत प्रत्येक ओळीत कुणी ना कुणी मागे राहतं. दोन ते सहाला तर सगळ्यांसकट यानच जळतं. आणि सगळ्यांच्या वर, पहिली ओळ: '१ — सगळे घरी.'

दोन फाशांवर एक! ताई, अगं गणित शिकवायचीस ना तू?

लहानपणी बुटांच्या खोक्याचं यान करून आम्ही दोघं खेळायचो. फासा एकच होता. दुसरा कधी हरवला कोण जाणे. तेव्हाही नियम ती करायची, चुका मी काढायचो.

१२ मार्च, बुधवार

परीक्षण पाठवलं. मूळ पुस्तकाची मनापासून तारीफ. शेवटी मात्र — 'दोन फाशांवर एक पडत नाही, हे पहिलीतलं पोरही सांगेल. लेखिकेनं आपला खेळ एकदा तरी खेळून पाहावा.'

वाक्य जमलं होतं. म्हणूनच काढवेना.

१३ मार्च, गुरुवार

जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

मी गाढव आहे.

आज शेवटचा डाव. इंधन संपलेलं, तक्ता समोर. फासे टाकायचे तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा, जावईबापू. एकावर सगळे घरी जातात ना?"

"आई, ती छपाईची चूक आहे. दोन फाशांवर एक पडत नाही."

"मग एकच टाका की! तुम्हीच वाचून दाखवलंत ना, फासा सोडता येतो म्हणून?" आणि वायरमनला, "आण रे तुझा इकडे." घेतला आणि चष्म्याच्या घरात टाकून घर बंद!

मी दोन्ही पुरवण्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या पुरवणीतली किल्ली, तिसऱ्या पुरवणीतलं कुलूप. दोन्ही वेगवेगळी हातात धरून मी दोन्हींना नावं ठेवली. एका फाशावर सहातली पाच दानं वाईटात वाईट, पण सगळे घरी जायचा रस्ता तेवढाच.

बायकोनं टाकला. तीन. यान जळून खाक. सासूबाई टाळी देत म्हणाल्या, "जळलो ना, पण तिघं एकदम! कुणी मागे नाही राहिलं." वायरमनला लगेच दुसरा डाव हवा होता. मी मात्र परीक्षणाची प्रत शोधायला उठलो. अंक उद्या छापायला जातो!

१७ मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच संपादकांना फोन. एका दमात सगळं ओकलो — परीक्षण चुकलंय, शेवट बदलायचाय, आणि लेखिका माझी बहीण आहे.

ते हसले. "माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, 'भिंगाकडेच द्या. तो माझा भाऊ आहे, आणि माझ्या चुका त्याच्याइतक्या आनंदानं कुणी काढत नाही.' भाऊ असल्याचं खाली छापणार आहोत. दुपारी बारापर्यंत पाठवा."

म्हणजे खडूस मला तोंडावर म्हणाली होती!

दुकानातच लिहिलं. एक गिऱ्हाईक ताटकळलं. ते वाक्य खोडलं, आणि माझी चूक जशी झाली तशी लिहिली. दोन घास जास्त गेले.

१९ मार्च, बुधवार

ताईचा फोन. अंक वाचला, मुख्याध्यापिकांना नाही म्हणून कळवलं. मी विचारलं, हा एक सुचला कसा तुला?

"आपला दुसरा फासा हरवला नव्हता रे. तू गिळला होतास. चार वर्षांचा होतास. घशात अडकला, निळा पडलास. दोन दिवस आई, बाबा आणि मी, तिघं दवाखान्यातल्या बाकावर. तुला सांगायचं नाही, अशी आईनं शपथ घातलेली. तिसऱ्या दिवशी घरी आलो, चौघंही. खोक्यात फासा एकच उरला होता. मी म्हटलं, असू दे."