बुढीचं गुलाबी भेदरं

ता. भिवापूर
९ सप्टेंबर २०२४

ती. इंदुताईस,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे बरे आहेत, मी सोडून. पत्र पाहून घाबरू नको वं. आमच्या घरी फोन अमोलचे बाबा उचलतात, अन् मले जे सांगायचं ते त्यांच्याच भावाच्या बायकोचं, तुह्या खालच्या मजल्यावरच्या कामिनीचं आहे. म्हणून बसच्या कंडक्टरजवळ वांग्याच्या पिशवीत हे पत्र देऊन राह्यली.

पेपरातला फोटो पाह्यला का? भाजीपाल्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस, अन् हातात गुलाबी भेदरं धरून कशी दात काढून राह्यली! तुमच्या नागपुरात त्याले टमाटर म्हणतात, पण ते माह्या सासूचं भेदरं आहे. हिनं नाव दिलं 'कामिनी गुलाबी'. म्हणे सहा वर्षं गच्चीवर मेहनत करून ही जात मी तयार केली, सासरी कोणाले बियाण्यातलं काही कळत नव्हतं. मायबाई! बुढी पिकलं फळ कच्च्या गवरीवर चोळे, गवरी वाळवे अन् चुलीच्या वर धुरात टांगे, म्हणजे बियाले कीड लागत नाई. मरताना अशा दोन गवऱ्या ठेवून गेली. एक माह्या चुलीवर टांगली आहे; दुसरी तेरवीच्या दिवशी, मी पंगतीचे भांडे घासत होती तवा, या बाईनं साडीच्या घडीत घालून नेली. मी पाह्यलं अन् चूप बसली. दोन वर्षं बुढीचं हागणं-मुतणं मी काढलं, ही दोनदा येऊन गेली, पेढे घेऊन.

आता चूप नाई बसत. तिच्या कुंड्यातले रोपं फुलावर यायचे आहेत अन् जानेवारीत पुन्हा प्रदर्शन आहे. माह्या सल्ल्यावर ती थुंकणार नाई, पण तुह्यावर भरवसा आहे. तिले सांग, दर आठवड्याले मूठभर युरिया टाक. झाड असं माजेल का नुसतं पानच पान, फूल नाई अन् फळ नाई. चार लोकात तिचं नाक कापल्या गेलं पाह्यजे. तवाच मले अन्न गोड लागंन.

माया आहे तशी राहू दे, अन् युरियाचं विसरू नको.
तुही,
पंचफुला

नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पंचफुलास अ. उ. आ.

वांगे भेटले, भरून केले, तुह्या भाऊजींनी बोटं चाटली. पत्र वाचून मात्र कपाळाले हात लावला. लहानपणी तुही बाहुली मोडली म्हणून तू शेजारच्या पोरीच्या दप्तरात मुंगळे सोडले होते. पन्नाशी आली तरी मुंगळे काही संपले नाहीत तुह्याजवळचे!

तरी तुहं काम केलं. खोटं काहून बोलू, मलेही मजा आली. जिन्यात भेटली की ही बाई मले बक्षिसाची गोष्ट पहिल्यापासून सांगते. युरिया सांगितला तं खूश झाली, वाटीभर खीर आणून दिली. झाडं आता तिच्या खांद्याले लागली, पानं हिरवीकंच. फूल एक नाही. बिल्डिंगमधल्या बाया पाहायले येतात अन् वा वा करतात, अन् हिचं तोंड दिवसेंदिवस उतरून राहिलं.

पण पंचे, एक सांगते, राग मानू नको. ज्या झाडाचा तू गळा आवळून राहिली ते तुह्या सासूचंच आहे. तुह्याजवळचं बी तरी नीट सांभाळ. अमोलच्या बाबांना नमस्कार, अमोलला पापा.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कलही मिळवून घे.
तुही,
इंदुताई

ता. भिवापूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. इंदुताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, माहं वाटोळं झालं. परतीचा पाऊस आठ दिवस थांबला नाई. परसातल्या भेदऱ्यांच्या मुळाशी पाणी साचलं अन् फळ धरायच्या आधीच सारे झाडं मेले. मी म्हटलं, जाऊ दे, वर टांगलेली गवरी आहे.

त्याच आठवड्यात मले ताप आला. अमोलच्या बाबांनी कधी नाई ते माह्या आंघोळीसाठी पाणी तापवाचं मनावर घेतलं. गवऱ्यांचा ढीग ओला झाला होता. कोरडी एकच दिसली, चुलीच्या वर टांगलेली. त्यांनी ती काढली अन् जाळली. मी त्याच पाण्यानं आंघोळ केली वं, अन् वरून म्हटलं का पाणी चांगलं कढत आहे! दुसऱ्या दिवशी वर पाह्यलं तं नुसती दोरी. तेही डोक्याले हात लावून बसले. आता त्यांच्यावर काय ओरडू?

आता बुढीचं बी साऱ्या जगात फक्त कामिनीच्या कुंड्यात उरलं. आजच्या आज तिचा युरिया बंद कर. काय सांगाचं ते सांग, माहं नाव सांग, पाया पड. मले एक फळ पाह्यजे, बाकी सारे बक्षिसं तिनं घ्यावे. पण तिले माफ केलं असं समजू नको. फळ हाती आलं का मग पाहीन तिच्याकडे.

या वक्ती साथ सोडू नको.
तुही,
पंचफुला

नागपूर
२९ डिसेंबर २०२४

ती. सौ. पंचफुलाबाईंस,
कामिनीचा सा. न. वि. वि.

तुमचा ताप उतरल्याचे इंदुताईंकडून कळले, बरे वाटले. त्यांनी बाकीचेही सगळे सांगितले, अगदी रडत सांगितले. युरिया तुमचा, हेही कळले. दीड महिना मी माझ्याच हाताने झाडांना तो घालत होते आणि फूल का येत नाही म्हणून देवाला दिवा लावत होते. खूप हसला असाल.

गवरी मी चोरली, नाही म्हणत नाही. सासूबाईंकडे आधी तोंडाने मागितली होती. त्या म्हणाल्या, शहरातल्या बाईच्या हाताला बी रुजत नाही, ते पंचफुलासाठी आहे. तुम्ही तिथेच बसून भाजी निवडत होतात. एका शब्दाने बोलला नाहीत. पेपरात मी खोटे सांगितले, कारण मला सासूबाई आणि तुम्ही, दोघींशिवाय माझे असे काहीतरी हवे होते.

युरिया बंद केला, कुंड्यांतली माती बदलली. एकाच झाडाला तीन फळे धरली, बाकीची झाडे मी उपटून टाकली. तिन्ही फळे गुलाबी, टपोरी आली. प्रदर्शनात नक्की पहिला नंबर होता. पण तुम्ही एवढ्या कळकळीने मागितलीत, मग प्रदर्शन कसले? तिन्ही फळांची लसूण-मिरची घालून चटणी केली आणि बरणी तुमच्याच कंडक्टरकडे देते आहे. मी चमचाभरही ठेवली नाही. झाडही काल उपटले, आणि घरात साठवलेले बी एकही नाही.

गोड मानून घ्यावे. जावाजावांचा लोभ असाच राहू द्यावा.
आपली,
कामिनी

ता. भिवापूर
११ जानेवारी २०२५

ती. इंदुताईस शि. सा. न. वि. वि.

बरणी पोहोचली. अर्धी चटणी परातीत ओतली, पाण्यानं धुतली अन् एकेक बी नखानं वेचलं. सारं तेलात तळून निघालेलं. तरी ओल्या फडक्यात बांधून उशाशी ठेवलं. आठ दिवस झाले, एकही फुगलं नाई. काल फडकं उकिरड्यावर झटकलं.

अमोलचे बाबा म्हणाले का भावाच्या घरी जाऊन भांडून येतो. मी नाई म्हटलं. काय भांडाचं वं? युरियाची पहिली मूठ तं माहीच होती. तिचा राग येते, अन् रागाच्या मागून मलेच माही लाज वाटते.

उरलेली अर्धी चटणी जवारीच्या भाकरीसंगं खाल्ली. एकटीनंच, कोणाले बोट लावू दिलं नाई. चव बुढीच्या भेदऱ्याचीच होती, डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं. बोटानं बरणी पुसून घेतली.

तुहा जीव माह्यावर राहू दे, आता तोच आहे.
तुही,
पंचफुला

ता. क. बरणी घासून पाठवली, तिले परत दे. अन् सांग, मीठ कमी होतं.