काहिलीवरच्या माश्या

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

माझ्या हातांनी केलेलं — मधमाश्यांच्या सोळा पेट्या, सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या, एकाही खिळ्याचं डोकं वर दिसणार नाही अशा. एक काचेची पेटी, एकच पोळं उभं राहील एवढी, माश्या घरात काय करतात ते बघायला. डालड्याच्या डब्याचं धूर देण्याचं भांडं. मच्छरदाणीचा टोप. मध काढायचं यंत्र, दुधाचं कॅन आणि सायकलची चेन वापरून. कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळाच नाही. पोटासाठी फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करतो — ज्याच्या मापानं वाळूत साचा उठतो आणि त्यात लोखंड ओततात. माप जरा जरी हललं तरी मीच मोडून टाकतो, साहेबाला दाखवायच्या आधी.

दिवाळीपासून फाउंड्री आठवड्यातले तीनच दिवस चालू आहे. बायको, निर्मला, म्हणते, संगमेशबरोबर दुबईला जा. संगमेश तिचा भाचा, तिच्या शिरोळच्या भावाचा, शशिधरचा मुलगा. दोन वर्षांनी रजेवर आलाय. हातात सोन्याचं कडं, अंगाला अत्तर! "मामा, पॅटर्नवाल्याला तिकडं राजावाणी ठेवत्यात. खोलीत एसी. हितं काय लाकूड तासत बसलाय?" संक्रांतीच्या आत हो की नाही ते सांगायचंय.

गेलो तर पेट्या कुणाच्या गळ्यात घालू?

२१ नोव्हेंबर

शिरोळला जाऊन आलो. जयसिंगपूरपर्यंत एसटी, पुढे दुधाच्या गाडीतून. अंग मोडून आलंय.

पेट्या शशिधरच्या बांधावर आहेत आणि बांधाला लागूनच त्याचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळ पेटलं की माश्या फुलं सोडतात. शेजारी तूर फुललीय, पण फुलाफुलावर कोण हिंडणार? रस उकळतो त्या काहिलीवर घोंघावतात, वाफेनं पंख भिजतात, पडतात. गूळ करणारा ज्ञानू फेस काढतो तो फेस माश्यांनी काळा!

"ओ दाजी, तुमच्या पोरींना आवरा की! गुळात एक जरी घावली तर अडत्या आख्ख्या ढेपंला हात लावत न्हाय."

शशिधर हसला नाही.

२८ नोव्हेंबर

पॅटर्नला लावायचा लाल रंग बरोबर नेला होता. रसाच्या बादलीवर बसलेल्या माश्यांच्या पाठीवर काडीनं ठिपका दिला. मग काचेच्या पेटीपुढं बसून राहिलो, डोळे दुखेपर्यंत.

ठिपकेवाल्या परत आल्या. पोटं तट्ट. पोळ्यावर आठाच्या आकड्यात कंबर हलवत नाचल्या. कुठल्या दिशेला, किती लांब, सगळं त्या नाचात. बाकीच्या मागं मागं फिरतात, हुंगतात आणि सुटतात! हे मासिकात वाचलं होतं, नंतर स्वतः शंभरदा पाहिलंय. पण एक गोष्ट आज पहिल्यांदा डोक्यात आली. काहिलीत बुडाली तिचा नाच कुठाय? ती घरी येतच नाही. घरी येते ती फक्त पोट भरलेली. त्यामुळे घरच्यांच्या हिशेबी त्या जागी चांगलंच चाललेलं असतं.

काचेवर टिचकी मारली. जणू ऐकणार होत्या.

५ डिसेंबर

माश्या घरात परतल्यावर पेट्यांची दारं बंद केली, गाडी जुंपली, सगळ्या पेट्या ओढ्यापलीकडं नेल्या. अर्धा कोस तरी असेल. आता निवांत.

६ डिसेंबर

कसला निवांत! दारं उघडली तशा उठल्या त्या थेट जुन्या बांधावर. अर्धा कोस म्हणजे त्यांच्या पायाखालचाच मुलूख, हे मला कळायला नको? पेट्यांखालच्या रिकाम्या दगडांवर गोळे करून बसल्या होत्या, गारठ्यात. ज्ञानू म्हणाला, "बांधावर बसून रडाय लागल्यात बघा, दाजी!"

अर्ध्याअधिक मेल्या. चूक माझी. सूतभर फरक न चालणाऱ्या माझी. पेट्या परत बांधावर आणल्या.

१५ डिसेंबर

फाउंड्रीच्या मागं टाकलेल्या वाळूच्या ढिगावर शालूबाई भेटली. आमच्या साचे भरणाऱ्या मोल्डर आकारामची बायको. दोरीला स्पीकरचं लोहचुंबक बांधून ढिगावरून ओढत असते. लोखंडाचे मणी चिकटतात, ते भंगारात घालते. म्हटलं, आज या ढिगावर बरंच घावतंय वाटतं?

"गप ऱ्हावा की मिस्त्री! कुणी ऐकलं तर उद्या धा जणी येतील."

माश्यांच्या अगदी उलट. हसू आलं.

आकाराम गेल्या वर्षी संगमेशच्याच कंपनीत गेलाय. सहज विचारलं, काय म्हणतोय? ती चुंबकावरचं लोखंड खरवडत राहिली.

"पयल्या म्हयन्यात फोन आलता. पासपोर्ट काढून घेतलाय म्हणाला. एका खोलीत चौदा माणसं. तवापास्नं काय न्हाय."

"आणि गल्लीत कुणाला बोलली नाहीस?"

"कशी बोलू? जाताना तालमीत पेढे वाटल्यालं. हसतील की लोक."

तिच्या टोपलीतलं ओझं तेवढं डोक्यावर चढवून दिलं.

१९ डिसेंबर

संगमेशला आकारामचं विचारलं. "दुसऱ्या साइटवर असंल, मामा. मजेत हाय त्यो." कडं मनगटावर मागं-पुढं करत बोलला. माझ्याकडं बघितलं नाही.

२ जानेवारी २०००

शशिधरनं निकाल दिला — "दाजी, पेट्या हलवा. न्हायतर मी पावडर मारतो. माझा गूळ परत येतोय यार्डातनं." त्याचंही खरं आहे.

टेम्पो करून पार पन्हाळ्याच्या बाजूला नेल्या. एवढ्या लांबून परत यायची वाट त्यांना सापडणार नाही. सोळातल्या सात जिवंत. बाकीच्या पेट्या धुऊन माळ्यावर टाकल्या. कंबर धरलीय.

९ जानेवारी

निर्मलाला सांगितलं, मी जात नाही.

"माश्यांपायी?"

"नाही."

"मग भ्यालासा व्हय?"

आकारामचं सांगितलं. चौदा माणसं, पासपोर्ट, सगळं. ती भाकरी थापायची थांबली. "संगमेश माझ्या भावाचा पोरगा हाय. खोटं कशाला बोलंल त्यो? त्यात त्येचं काय जातंय?"

ती परत भाकरी थापायला लागली. फाउंड्री या आठवड्यात दोनच दिवस.

१३ जानेवारी

संगमेश आला. निर्मला बाजारात गेली होती, ते बघूनच आला असावा. रागावला नाही, उलट खुर्ची जवळ ओढली. "ऱ्हावूदे मामा, तुम्ही नका येऊ. पर तालमीतली पोरं तुमचा शब्द मोडत न्हाईत. तिकडं चांगलं हाय, एवढंच बोला त्यांच्याम्होरं. आठ जण पायजेत." कुणाकुणाला तिकडं नेताना तो स्वतः असं बोलला असेल, ते आता विचारायची गरज उरली नाही.

नाही म्हणालो. पोरं नेण्याबद्दल त्याला कंपनीकडून पैसे मिळतात, त्यातले निम्मे मला देणार होता. माणशी तीन हजार रुपये.