शून्यापासून बारा बोर्ड

१९ मे २०१४, सोमवार

राज्य तुटतंय पण आपलं दुकान जुळलं, असं मामा सकाळपासून तीनदा म्हणाला. खरंच आहे! दहा वर्षांत हातानं रंगवलेली पाटी कुणी मागितली नव्हती, सगळं फ्लेक्सवर गेलेलं. आता दोन जूनला नवं राज्य. म्हणजे जिथं जिथं पाटीवर राज्याचं नाव आहे तिथं तिथं बदल. फ्लेक्सवाल्यांकडं रांगा, आणि रांगेला कंटाळलेले सगळे नारायणगुड्याला मामाच्या दुकानी, 'नामदेवराव आर्टिस्ट' विचारत.

मला कुकटपल्लीचं काम दिलं. इंजिनीअरिंग कॉलेज, कॉम्प्युटरचं डिपार्टमेंट. बारा बोर्ड. चार वर्षं शिकून पोरांना काय काय यायला पाहिजे त्याचे बारा मुद्दे, एकेका बोर्डावर एकेक.

मामा म्हणाला, "जया, हे एक तरी काम शेवटापर्यंत ने."

मामी लगेच बोटं मोजायला लागली. नांदेडला टेलरिंग, अर्धं. निजामाबादला पार्लर, अर्धं. पुण्याला कुरिअर, दोन महिने. दहावी दोनदा — पण ती पूर्ण झाली म्हटलं! मामी म्हणे, "ती तुला कंटाळून पूर्ण झाली."

२२ मे

कुकटपल्लीची बस पकडली होती. पण वाटेत एक माणूस बैलाच्या शिंगाला सोनेरी रंग देत होता. ऑइल पेंट! बैल हलत नव्हता! उतरले. त्याला विचारलं कुठला रंग, तो म्हणे चार दिवस टिकतो. मग दोन तास तिथंच. कॉलेजात पोचले तेव्हा शिपाई कुलूप लावत होता.

२३ मे

आज वेळेवर. डिपार्टमेंटचे मुख्य म्हणजे मुकुंदराव सर. काचीगुड्याचेच निघाले, आमच्या घरापासून दोन गल्ल्या! सहासष्ट वर्षांचे, पांढरा शर्ट, खिशात खडू. मराठी ऐकून इतके खूश झाले की पंधरा मिनिटं आमच्या गावाचा पाऊस, ज्वारी, सगळं विचारत बसले. मला म्हणतात 'पेंटरबाई'. अहो-जाहो! मला आजवर अहो फक्त कंडक्टर म्हणालाय, तेही उतरा म्हणायला.

मुद्द्यांचा कागद इंग्रजीत. माझं इंग्रजी पाटीपुरतं. अक्षर येतं, अर्थ नाही. म्हटलं सर, ही पोरं चार वर्षं काय शिकतात? कॉम्प्युटर चालवायला? तो तर आमचा रसवंतीवाला पण चालवतो.

सर हसले. म्हणाले, "चालवायला नाही. तुम्ही असं करा. 'एस' अक्षर कसं काढायचं ते कागदावर लिहा. ज्यानं आयुष्यात ब्रश धरला नाही त्याला जमलं पाहिजे."

हात्तिच्या! लिहिलं. सरांनी तो कागद फय्याजला दिला. तिसऱ्या वर्षाचा पोरगा, लांबडा, सतत दात काढणारा. आणि त्याला सांगितलं, जे लिहिलंय तेवढंच कर, स्वतःचं डोकं लावू नको. तो म्हणे, "सर, वो तो मैं रोज करता."

मी लिहिलं होतं, ब्रश डावीकडं वळवत न्या. त्यानं नेला. फळी संपली, भिंत आली. भिंतीवरून खिडकी. खिडकीवरून पडदा. मी ओरडतेय, थांब की रे! तो म्हणे, "अक्का, रुकने का लिखाच नईं!"

पोट दुखेपर्यंत हसले सगळे. सर म्हणाले, हा झाला पहिला बोर्ड. दुसऱ्याला सांगताना आपण काय गृहीत धरलं ते कळणं. आणि थांबायचं कधी, ते आधी ठरवणं.

घरी सांगितलं. मामी म्हणाली, त्या सरांना जेवायला बोलवा.

२४ मे

पडदा धुतला. ऑइल पेंट जात नाही.

२७ मे

सगळ्या फळ्यांना प्रायमर. वाळेपर्यंत लॅबमध्ये बसते, पंखा आहे.

सरांची एक गंमत कळली. ते मुद्दाम चूक करतात! फळ्यावर प्रोग्राम लिहितात त्यात एक चूक पेरलेली. किंवा एखादी मशीनच बिघडवून ठेवतात. ज्याला सापडली त्यानं हात वर करायचा, त्याला उस्मानिया बिस्किट. पुडा जिथं चूक तिथंच लपवलेला असतो — मशीनच्या मागं, फळ्याच्या पाठीला. आणि स्वतःचीच चूक सापडून जो आपणहून हात वर करेल त्याला दोन!

फय्याजला विचारलं, किती खाल्लीस? "एक-एकवाली बहोत. दोवाली अब्बी तक नईं."

मी सरांना म्हटलं, आमच्याकडं चूक सापडली की मामा ब्रश फेकून मारतो. सर म्हणाले, "म्हणून तुम्ही चुका लपवायला शिकता, शोधायला नाही."

आणखी एक म्हणजे — हे डिपार्टमेंट बंद पडू शकतं. मला माहीतच नव्हतं. सतरा जूनला तपासणीची कमिटी येणार. शिकवणारे दोन कमी आहेत. कमिटीनं नाही म्हटलं तर बावन्न पोरं दुसरीकडं वाटून देणार, आणि सर घरी. सरांनीच सांगितलं, खडू पुसत पुसत. त्यांच्या लहानपणी जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा त्यांचे वडील कचेरीत रजिस्टरं वाटत बसले होते, मराठी जिल्ह्यांची एकीकडं, कानडी दुसरीकडं, तेलुगू तिसरीकडं. "तुकडे करणं सोपं असतं हो. जुळवणं हा अभ्यासक्रम."

२८ मे

बाराही मुद्दे लिहून झाले. खाली कॉलेजचं नाव, गाव, आणि राज्याची जागा कोरी. मामाची सक्त ताकीद, दोन तारखेच्या आधी नाव टाकायचं नाही.

प्रिन्सिपॉल येऊन म्हणाले, नंबर घाला. कागदावर तर नुसते ठिपके. फय्याज जात होता, त्याला विचारलं. तो म्हणे, "अक्का, हमारे यहाँ पूरा झीरो से गिनते. एक से गिनने वाले सिविलवाले!"

असेल बाबा. घातले. शून्य ते अकरा. शून्य फार सुरेख आलंय, एका फटकाऱ्यात.

२९ मे

बाराही बोर्ड व्हरांड्यात टांगले, तारेवर, फोटोसारखे वरून जरा कललेले. प्रिन्सिपॉलनी मोजले — बारा. मान हलवली, गेले. सर मात्र शून्यापाशी बराच वेळ उभे. मग म्हणाले, "वा पेंटरबाई. असंच राहू द्या."

मामाला सांगितलं, सरांनी वा म्हटलं. मामा म्हणे, शेवट झाल्यावर सांग.

२ जून

नवं राज्य! सकाळपासून ढोल, गुलाल, बतुकम्माची फुलं घेऊन नाचणाऱ्या बायका, मोटारसायकली. मी कुकटपल्लीला निघाले होते, राज्याचं नाव टाकायला. तीन मिरवणुकांत सापडले. चौथीत आपणहून घुसले. चप्पल एक हरवली. बोर्ड राहिले.

६ जून

टाकलं एकदाचं नाव, बारा वेळा. ब्रशखाली पहिल्यांदाच ते नाव. शून्याच्या बोर्डाजवळ मुंग्यांची रांग, ओल्या रंगात चार चिकटल्या! सुईनं काढल्या. बाकी अकरांना एकही मुंगी नाही. माझ्या सुरेख शून्यावरच डोळा मेल्यांचा.

११ जून

ऑफिसनं त्याच बारा मुद्द्यांचा टाईप केलेला कागद जिन्याजवळ चिकटवला, बरोब्बर माझ्या बोर्डांसमोर. कोण वाचणार तो बारीक कागद! पोरं माझे बोर्ड पाठ करतायत. कँटीनला जाता-येता: "सात? ईमानदारी. आठ? मिल के काम करना." ऐकायला काय गोड वाटतं.

मलापण पाठ झालेत. अकरावा सोडून. त्यात म्हणे, आयुष्यभर शिकत राहणं. सरांना विचारलं, मग या पोरांना चार वर्षांनी सोडता कशाला? सर म्हणाले, "याला माझ्याकडं उत्तर नाही." इतकं सहज म्हणाले! आमच्या मास्तरांनी आठ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

मुंग्यांना हळद टाकली. काही उपयोग नाही.

१६ जून

उद्या कमिटी. प्रिन्सिपॉलनी लॅबच्या मागच्या भिंतीवर एक वाक्यही रंगवायला सांगितलंय, तेच राहिलंय. अर्धं. हो, मला माहितेय!! सकाळी सहाला जाते.

१७ जून, मंगळवार

लिहून काढते.

वाक्य संपायला दोन अक्षरं होती आणि गाडी आली. प्रिन्सिपॉल धावत आले, म्हणाले ब्रश लपव, मागच्या बाकावर गप बस. बसले. ब्रश बाकाखाली धरलेला, रंग मांडीवर टपटप.

कमिटीत तिघं. मोठे साहेब चष्मा नाकावर घेऊन, पुढ्यात फाईल. फय्याजला उभं केलं. "बोलो बाबू, आठवा क्या है?"

"सर, टीम में मिल के काम करना."

साहेबांनी फाईल बघितली. "आठवा तो ईमानदारी है."

फय्याजचे दात पहिल्यांदा आत गेलेले बघितले. दुसऱ्या पोरीला पाचवा विचारला. तिनं सांगितलं, समाजाची जबाबदारी. तेही चूक. तिसऱ्या पोराचंही चूक! साहेब म्हणाले, "चार साल में यही सिखाए?" आणि पेनाचं टोपण काढलं.

प्रिन्सिपॉल घामाघूम. सर खिडकीशी उभे. एकदाच माझ्याकडं बघितलं.

आणि मला तो सात आठवला. ईमानदारीवरचा सात — त्याची शेपटी ओघळली होती, दोनदा पुसून काढली होती. सात! फाईलमध्ये आठ. सगळे एकानं सरकलेत. मी सरकवलेत!

गप बसले असते तर कुणाला कळणार होतं? मामाचं नाव, दुकानाचं नाव, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. हात वर केला. ब्रशासकट. रंग थेट पुढच्या पोरीच्या वेणीवर.

"सर, गलती मेरी है. इनको सब आता. मैंने नंबर झीरो से डाले."

सगळ्या माना मागं. साहेब म्हणाले, "कौन से साल में हो?"

"पेंटर हूँ, सर."

तोवर फय्याजनं हात वर केलेला. "सर, मैं बोला था इनको. मजाक में."

साहेब उठले. व्हरांड्यात गेले, मागं आम्ही सगळे. एका हातानं माझे बोर्ड, दुसऱ्या हातानं तो बारीक कागद, असं बोट लावून लावून मोजलं. मग पोरांना पुन्हा उभं केलं आणि नंबर न घेता विचारायला लागले. मी ऐकत होते — पडद्याची गोष्ट तिघांनी सांगितली, स्वतःची म्हणून!

जाताना साहेबांनी मला विचारलं, तुला काय कळलं यातलं? म्हटलं अकरा कळले, शेवटचा नाही. ते म्हणाले, "मेरे को भी नईं."

१८ जून

मामानं ब्रश फेकून मारला. नेम चुकला. मग म्हणाला, "हात वर केलास ते बरं केलंस," आणि पाठ फिरवून चहा प्यायला गेला.

पण सरांनी बिस्किट दिलं नाही! स्वतःची चूक, आपणहून, कमिटीसमोर — दोन तरी हवी होती. फय्याजलाही नाही. लहान पोरीसारखं वाईट वाटलं. कदाचित रागावले असतील.

२५ जून

डिपार्टमेंट वाचलं!! एका वर्षाची मान्यता. शिकवणारे दोन वाढवायचे आणि बोर्डांचे नंबर दुरुस्त करायचे, या अटीवर. फय्याजनं फोनवर इतका आरडाओरडा केला की मामीला वाटलं भांडण.

मग सरांचा फोन. "पेंटरबाई, बोर्ड तुम्हीच उतरवा. तुमच्या हातानं. आणि शून्यापासून सुरुवात करा."

२७ जून, शुक्रवार

शून्याचा बोर्ड खाली घेतला. मागं, तारेत अडकवलेला उस्मानियाचा पुडा. मुंग्यांनी आतून भुगा केलेला. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी — '२९ मे. बघू, कोण.'

एकोणतीस मे! टांगला तोच दिवस! म्हणजे म्हातारा पहिल्यापासून जाणून होता. बावन्न पोरं रोज तिथून गेली, आणि तो डिपार्टमेंट पणाला लावून एकोणीस दिवस वाट बघत उभा!

एक ते बारा नीट रंगवले. काम पूर्ण. मामाला सांगितलं.

फक्त एका बोर्डात एक चूक ठेवली आहे. कुठल्या, ते इथंही लिहीत नाही. मागं नवा पुडा, प्लॅस्टिकच्या डब्यात. बघू, सर कधी हात वर करतात.