सातशेवीसला उघडलेलं दार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. रजा घेऊन चिमीकडे गेल्यापासून फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. भट्टीचं नाव काढलं की "झालं गेलं, ठेव आता" म्हणतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे. तुझ्या लेकीचं, चिमीचं बाळ आता पालथं पडतं म्हणे. पडू दे, आत्याआजीवर गेलंय, धीर कुठला असणार.

काल टर्नर माझ्या अंगावर आला. त्या लॉटमधला एक उरलेला दांडा त्याने लेथवर चढवला होता. म्हणाला, "मावशी, दोन टूल खाल्ली याने. हे लोखंड आहे की तुमचा स्वभाव?" सगळे हसले, मीही हसले. मग त्याने दांडा उजेडात फिरवला. केसाएवढी चीर, बोटभर लांब. माझं हसू तिथंच गोठलं. आधीचे काही दांडेही असेच जड गेले होते, पण माल घाईचा होता, कुणी बोललं नाही.

लॉट कुठला, तुला ठाऊक आहे. चिमी बाळंत झाली त्या दिवशीचा. दांडे आठशेचाळीस अंशांना चार तास ठेवून भट्टी बंद केली होती. पुढे दाराला हात लावायचा नाही, तासाला पंचवीस अंश असं पाचशेपर्यंत उतरू द्यायचं. आतल्या आत निवलं तर पोलाद मऊ पडतं, ताण जातो. घाईने वारं लागलं तर कडक, ठिसूळ. तूच शिकवलंस. काटा सहाशेच्या खाली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हेही तूच. पण दवाखान्यात भेटायची वेळ सातपर्यंत, आणि पाच वाजले तरी काटा सातशेवीसवर. बघून बघून डोकं फिरलं माझं. हातभर दार वर केलं. म्हटलं, थोडं वारं लागलं तर कोण मरतंय.

तू धावत आलास, दार खाली ओढलंस, माझा उद्धार केलास. मग तापमानाचा आलेख निघाला, रेघ कड्यावरून पडल्यासारखी. तो घडी करून तू खिशात घातलास. आदल्या आठवड्याचा आलेख फायलीत लावलास, वर आपल्या लॉटचा नंबर स्वतःच्या हाताने लिहिलास. आणि म्हणालास, "पळ आत्याबाई, पोरगी वाट बघतेय." मी पळाले. बाळ मांडीवर घेतल्यावर त्या कागदाची आठवणही झाली नाही, खोटं कशाला सांगू.

ते दांडे टेकडीवरच्या रोपवेच्या चाकांत आस म्हणून बसलेत. परवा तो सुरू होतोय. पहिल्या फेरीला शाळेची पोरं आहेत.

म्हणून हे पत्र ट्रकवाल्या मामांच्या हाती देतेय, दुपारी तुला मिळेल. उद्या आठला मी मोठ्या साहेबांना सांगणार. दार मी उघडलं, एवढंच. तुझं नाव घेणार नाही; पण फाईल उघडतील, आणि तुझं अक्षर सगळा कारखाना ओळखतो. निवृत्तीला दीड महिना राहिलाय तुझ्या, तेही कळतं मला. पुन्हा माझं तोंड बघितलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण रात्रीची गाडी धर आणि तुझं तू सांग. आठपर्यंत फाटकाशी उभी राहीन. आठला आत जाईन, तू असलास तरी, नसलास तरी.

तुझीच,
धाकटी